रांजणातला मासा, काचेतला मासा

कामं आवरली का? आवरली नसतील तर हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज आपण माशांबद्दल बोलणार आहोत. कालवणातल्या नव्हे, तर बोटाच्या पेराएवढ्या माशांबद्दल. जे आपण हौदात, टिपाडात डासांसाठी सोडतो आणि जे आता काचेच्या पेटीत, हिरव्या पाणवनस्पतींमध्ये पोहताना दिसतात, ते मासे. त्यांचा इतिहास आज सांगायचा आहे. आमच्याच गटातल्या एका काकू म्हणाल्या, "इतिहास राजांचा असतो, किल्ल्यांचा असतो. माशाचा कसला इतिहास?" काकू, शेवटपर्यंत ऐका आणि मग सांगा.

2016 चं वर्ष

आमची सुरुवात शौकातून झाली नाही, दुष्काळातून झाली. 2016 चा उन्हाळा आठवतोय ना? लातूरला प्यायला पाणी नव्हतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. इकडे नांदेडकडच्या आमच्या गावांतही टँकर कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी यायचा. आला की घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही. टिपाड, रांजण, हौद, पिंप, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ भरायचं.

पुढे पाऊस पडला, पण साठवायची सवय गेली नाही. आणि साठवलेलं स्वच्छ पाणी हेच डेंग्यूच्या डासाचं माहेर. गटातल्या एका ताईंचा मुलगा तापला. अंगावर लाल पुरळ आलं, पेशी कमी झाल्या, शहरातल्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. शेळ्या घ्यायला म्हणून गटातून जे कर्ज काढलं होतं, ते सगळं दवाखान्याच्या बिलात गेलं. पोरगं वाचलं, पण शेळ्या आल्याच नाहीत आणि हप्ते मात्र दीड वर्ष फेडावे लागले.

त्यानंतर एक दिवस आशाताई प्लास्टिकच्या बाटलीत दहा-बारा चिमुकले मासे घेऊन बैठकीला आल्या. म्हणाल्या, "हे गप्पी मासे. वापरायच्या पाण्याच्या हौदात सोडा." काकूंना वाटलं, हा मासा गप्पा मारतो म्हणून गप्पी! सगळ्या हसल्या. पण या नावामागे खरंच एक गोष्ट आहे, ती पुढे येईल.

त्या बाटलीवरून आम्हाला प्रश्न पडला. हे मासे आले कुठून? त्याआधी आपल्या आजी-पणजीच्या आडात, बारवेत कोणते मासे होते? आणि काचेच्या पेटीत मासा ठेवायची कल्पना कुणाची? गटातल्या शिकलेल्या मुलींनी वाचलं, आम्ही वाचलं, जुन्या माणसांना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

राजाच्या ग्रंथातले मासे

निलंगा, उमरगा ओलांडून कर्नाटकात गेलं की बसवकल्याण लागतं. नऊशे वर्षांपूर्वी ही चालुक्य राजांची राजधानी होती, तेव्हा तिचं नाव कल्याणी. आपला सगळा मुलूख त्या राज्यात होता. देगलूर तालुक्यातलं होट्टलचं देऊळ पाहिलं असेल तर चालुक्यांच्या काळातली कारागिरी तुम्ही पाहिलेली आहे.

त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 1129 च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत, हत्तीपासून संगीतापर्यंत, सगळं त्यात आहे. आणि त्यात माशांवरही एक भाग आहे. समुद्रातले मासे कोणते आणि नदीतले कोणते, खवल्याचे कोणते आणि बिनखवल्याचे कोणते, कोणत्या माशाला काय खायला घालावं, गळाला कसं लावावं, हे सगळं त्यात सांगितलं आहे. राजासाठी हा विनोद, म्हणजे मनोरंजन होतं. पण ही माहिती राजाला पाण्याच्या काठावर राहणाऱ्या माणसांकडूनच मिळाली असणार, हे सांगायला पंडित लागत नाही.

त्याच्याही कितीतरी आधी, सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात काही जातींच्या माशांना मारू नये असं कोरून ठेवलं होतं आणि वर्षातले ठरावीक दिवस मासेमारी बंद ठेवली होती. म्हणजे माशाला जपायचं ही गोष्ट आपल्याकडे सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे.

आपल्या गावातलं पाहा. बारवेत, आडात मासे आणि कासव सोडायची जुनी रीत आहे. देवळाच्या कुंडातला मासा कुणी धरत नाही. म्हातारी माणसं सांगतात, "मासा आहे तोवर पाणी जिवंत." मासा पाण्यातले किडे, अळ्या खातो, आणि पाण्यात काही वाईट मिसळलं तर सगळ्यात आधी तोच उलटा होतो. पाणी तपासायचं यंत्र नव्हतं तेव्हा मासा हेच यंत्र होतं.

साहेबाच्या वहीत मराठी नावं

आता येऊ इंग्रजांच्या काळात. मुंबईच्या फौजेत विल्यम सायक्स नावाचा अधिकारी होता. 1824 पासून काही वर्षं त्याच्याकडे दख्खनची मोजदाद करायचं काम होतं. शेतं, पिकं, माणसं, जनावरं, पक्षी, सगळं तो लिहून ठेवायचा. पुण्याकडच्या नद्यांतले मासेही त्याने जमवले, त्यांची चित्रं काढून घेतली. 1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने हे काम मांडलं.

यातली मजा अशी की, माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने कितीतरी ठिकाणी मराठी नावंच घेतली. खुद्री, कोलस, नुक्ता ही आपल्या लोकांच्या तोंडची नावं थोडी वेडीवाकडी होऊन लंडनच्या पुस्तकात गेली. आजही जगात कुठेही त्या माशांवर कुणी लिहिलं तर त्यांच्या शास्त्रीय नावात हेच शब्द येतात. अळकूट नावाच्या चांदीसारख्या चमकणाऱ्या लहानशा माशाचं नावही त्याने तसंच टिपलं.

नावाच्या शेवटी सायक्सचं नाव लागतं, कारण शास्त्राचा तसा नियम आहे. पण ज्यांनी जाळं टाकलं, मासा हातात धरून "हा कोलस" म्हणून सांगितलं, त्या माणसांची नावं कुठे नाहीत. बाजारात मासा विकायला बसणाऱ्या बायांची तर नाहीतच. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

डास, ताप आणि गप्पी

त्या वेळी नांदेड, लातूर, परभणी, बीड हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर हिवतापाचा माग काढत होता. हिवताप खराब हवेने होतो असं तोवर लोक मानायचे. रॉसने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चावू दिले आणि दर डासामागे त्याला एक आणा दिला. मग ते डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. 20 ऑगस्ट 1897 ला एका डासाच्या पोटात त्याला हिवतापाचा जंतू वाढताना दिसला. 1902 मध्ये रॉसला नोबेल पारितोषिक मिळालं. हुसेन खानला मिळाले ते आणे. 20 ऑगस्ट आता जगभर डास दिन म्हणून पाळतात आणि ती गोष्ट घडली आपल्याच जुन्या संस्थानात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

डास हेच कारण ठरल्यावर उपायाची दिशा बदलली. डासाची मादी पाण्यावर किंवा पाण्याच्या काठाला अंडी घालते. त्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. उडाल्यावर त्याला धरणं अवघड, पण अळी पाण्यातच अडकलेली असते. मग पाण्यातच तिला खाणारा कुणी सोडला तर?

इथे आपला गप्पी येतो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि तिथल्या त्रिनिदाद बेटाचा. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले. 1866 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञाने त्याच्या नावावरून माशाचं नाव ठेवलं. पुढे कळलं की 1859 मध्येच एका जर्मन शास्त्रज्ञाने याच माशाला नाव देऊन ठेवलं होतं. त्यामुळे पुस्तकातलं नाव जर्मन शास्त्रज्ञाचं राहिलं आणि लोकांच्या तोंडी गप्पी राहिला. तर काकू, हा मासा गप्पा मारत नाही, तो गप्पीसाहेबांचा आहे!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात आला. 1928 मध्ये इटलीहून गम्बुशिया नावाचा दुसरा अळीखाऊ मासा आला. आज महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ गप्पी मासे पैदास केंद्रं आहेत. एक मोठा गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या खातो. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. साधारण महिन्याला एक वेत आणि एका वेताला वीस-तीस पिल्लं. थोडं मळकं पाणीही त्याला चालतं.

आम्ही आमच्या वापरायच्या हौदांत ते सोडले. आठवड्यातून एक कोरडा दिवसही पाळायला लागलो, म्हणजे त्या दिवशी लहान भांडी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून पुन्हा भरायची. पिण्याच्या पाण्यात मासा नको, त्याला घट्ट झाकणच हवं. मासा हा झाकणाला मदत आहे, झाकणाला पर्याय नाही.

काचेची पेटी आणि तिच्यामागच्या बाया

मग हौदातला मासा काचेत कसा गेला? यात आम्हाला दोन बाया भेटल्या, आणि तिसरीही.

पहिली जान विलप्रे. फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी, जन्म 1794 चा. अठराव्या वर्षी ती गाव सोडून पायी पॅरिसला गेली आणि शिवणकाम, भरतकाम करून पोट भरू लागली. तिचा हात एवढा चांगला होता की 1816 मध्ये राजघराण्यातल्या नवरीच्या लग्नाच्या पोशाखावर तिने भरतकाम केलं. पुढे तिने एका व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि इटलीतल्या सिसिली बेटावर राहायला गेली. तिथे समुद्रकाठी तिला जलचरांचा नाद लागला. एक प्रकारचा आठपायी प्राणी सुंदर पातळ शिंपल्यात राहायचा. तो शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो, यावर मोठमोठे विद्वान वाद घालत होते. जानने 1832 मध्ये काचेची पेटी बनवली, त्यात तो प्राणी जिवंत ठेवला आणि रोज पाहिलं. शिंपला तो स्वतःच बनवतो, हे तिने सिद्ध केलं. 1843 मध्ये तिच्या वस्तू, कागद, चित्रं घेऊन जाणारं जहाज बुडालं आणि तिच्या कामाचा मोठा भाग समुद्रात गेला. तरी काचेच्या पेटीची आई म्हणून तिचं नाव राहिलं. मैत्रिणींनो, शिवणकाम करणारी बाई होती ती. आपल्या गटात किती जणींकडे शिलाई मशीन आहे, मोजा.

दुसरी अ‍ॅना थिन, लंडनची. 1846 मध्ये तिने समुद्राकाठून प्रवाळ आणलं आणि काचेच्या भांड्यात घरी ठेवलं. समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते, अशी युक्ती तिने काढली. आणि हे ओतण्याचं काम रोज अर्धा-पाऊण तास तिच्या घरची मोलकरीण करायची.

तिसरी बाई ती हीच मोलकरीण. तिचं नाव कुठे सापडत नाही. आज काचेच्या टाकीत बुडबुडे सोडणारा जो छोटा पंप असतो ना, त्याच्या जागी आधी एका बाईचे दोन हात होते.

1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने पुढचं पाऊल टाकलं. त्याने टाकीत दोन सोनेरी मासे ठेवले आणि लांब पट्टीसारख्या पानांचं पाणगवत लावलं. मासा जो वायू सोडतो तो पानं घेतात आणि पानं उजेडात प्राणवायू सोडतात. पण पानं सडली की पाणी गढूळ व्हायचं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्या सडलेली पानं खाऊ लागल्या आणि पाणी निवळ राहिलं. मासा, वनस्पती आणि गोगलगाय, तिघांचा मेळ बसला. आपल्या तळ्यात हा मेळ आधीपासूनच आहे, त्याने तो काचेत बसवला आणि कागदावर मांडला.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं आणि घराघरांत काचेच्या पेट्या आल्या. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढे जपानच्या ताकाशी आमानो यांनी लहान टाकीत डोंगर, रान, गवताळ माळ दिसावा अशी वनस्पतींची मांडणी केली आणि त्यात इवलेसे मासे सोडले. ती पद्धत जगभर गेली. आज शहरातल्या दुकानात जी हिरवीगार टाकी दिसते, तिच्यामागे ही सगळी माणसं उभी आहेत.

आमची टाकी आणि आमची चूक

आता आमच्याबद्दल. गप्पींची पिल्लं वाढली तशी मुलींनी हट्ट धरला की बैठकीच्या खोलीत काचेची टाकी ठेवू. नांदेडहून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी आणली. पूर्ण भरली तर साधारण 55 लिटर पाणी. नळाचं पाणी थेट ओतलं, त्याच दिवशी दुकानातून आणलेले दहा रंगीत मासे सोडले. त्यात लाल-निळ्या पट्ट्याचे नियॉन टेट्राही होते. दोन दिवसांत सात मासे मेले. मुली रडल्या आणि आम्ही गप्प बसलो.

चुका तीन होत्या. पहिली, पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली होती. ती आपल्यासाठी गरजेची, पण माशाचे कल्ले जाळते. ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस-रात्र ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं.

दुसरी चूक विरजणाची. हसू नका. दुधाला विरजण लागतं तसं टाकीलाही लागतं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. पाण्यातले काही चांगले जंतू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते सौम्य आणि झाडांचं खत. हे जंतू नव्या टाकीत नसतात. वाळूवर, पानांवर, स्पंजवर ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीतला थोडा स्पंज किंवा मूठभर वाळू आणली तर लवकर जमतं. आधी वाळू आणि वनस्पती लावायच्या, थांबायचं, मग दोन-तीन मासे सोडायचे आणि हळूहळू बाकीचे. आपल्या टाकीला आठ-दहा लहान मासे पुरे.

तिसरी चूक निवडीची. आपल्या बोअरचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तेच. नियॉन टेट्रा हा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मऊ पाण्याचा मासा. 1936 पासून तो जगभर विकला जातो, पण आपल्या पाण्यात तो कष्टी राहतो. गप्पी, प्लॅटी, मोली यांना जड पाणी मानवतं. म्हणून आमचा नियम असा झाला: आधी आपलं पाणी ओळखायचं आणि मग मासा. सून बघतो तसं रंगावर जायचं नाही! पिल्लं नको असतील तर गप्पीचे फक्त नर ठेवायचे. ते लहान आणि रंगीत असतात. मादी मोठी आणि फिकी असते, आणि एकदा फळली की नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहते.

खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं खाणं सडतं. टाकी खिडकीच्या थेट उन्हात नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, तेव्हा पाण्यातला प्राणवायू कमी होतो. टाकीला बाहेरून ओलं गोणपाट लावायचं, पाणी थोडं खाली ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने वरून पाणी ओतायचं. हो, त्या लंडनच्या मोलकरणीसारखंच.

नदीत सोडायचा नाही

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मासे वाढले, कंटाळा आला, टाकी विकली, तरी उरलेले मासे आणि वनस्पती मांजरा, मन्याड, गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात टाकू नका. गप्पी आणि गम्बुशिया परदेशी आहेत. ते अळ्या खातात तशी आपल्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातात. जगातल्या शंभर घातक उपऱ्या जीवांच्या यादीत गम्बुशियाचं नाव आहे. गप्पी बंद हौदात, टाकीत चांगला. जिथे देशी मासे आहेत तिथे नको.

उलटही घडलेलं आहे. आपल्या तळ्यातलं हायड्रिला नावाचं साधं पाणगवत टाकीतली शोभेची वनस्पती म्हणून 1950 च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाला गेलं. तिथल्या पाण्यात सुटलं आणि नद्या-तळी तुंबली. ते काढायला तिथे आजही पैसा ओतावा लागतो. एका टाकीतून सुटलेलं पान केवढं महाग पडलं!

आपले देशी लहान मासेही काही कमी नाहीत. निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 च्या पुस्तकात त्याची नोंद केली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत माणसाच्या रोगांचा अभ्यास त्याच्यावर चालतो. डोक्यावर चमकता ठिपका असलेला पृष्ठभागावरचा आपला मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो. काचेसारखा आरपार दिसणारा मासाही आपल्या तळ्यात आहे. पण ते धरायला जाण्याआधी तळ्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिला विचारा. भोई बांधवांची पोटं त्या पाण्यावर आहेत.

धंदा करायचा का?

आता खरा प्रश्न. टाकी पाहून लोक विचारायला लागले आणि गटात विषय निघाला, रंगीत माशांचा धंदा करू या. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाचा प्रकल्पखर्च 3 लाख धरला होता आणि महिलांना त्याच्या 60 टक्क्यांपर्यंत मदत. म्हणजे 1 लाख 80 हजार मदतीचे, 1 लाख 20 हजार आपले. सध्याचे नियम काय आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

बैठकीत दोन तट पडले. तरुण पोरी म्हणाल्या, करू या, नांदेड-लातूरला दुकानदार बाहेरून मासे आणतात, आपण देऊ. तेव्हा त्या ताई बोलल्या, ज्यांचा मुलगा आजारी पडला होता. म्हणाल्या, "एका टाकीला आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे एक हंडा. वीस टाक्या झाल्या तर वीस हंडे. पुन्हा 2016 आलं तर ते वीस हंडे कुणाच्या डोक्यावरून यायचे?" कुणाजवळ उत्तर नव्हतं. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ज्या डोक्यावरून कायम येतात, त्याच.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. पहिलं वर्ष कर्ज काढायचं नाही. दोन टाक्या आणि एक सिमेंटचा हौद, एवढ्यावर शिकायचं. किती पिल्लं जगली, किती पाणी लागलं, किती विकली, सगळं गटाच्या वहीत लिहायचं. बदललेलं पाणी फेकायचं नाही. ते नायट्रेटचं पाणी आहे, परसबागेतल्या मेथीला, कढीपत्त्याला द्यायचं. आणि छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय झाली तरच पुढे जायचं. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यामुळे कदाचित तेव्हा नियॉनही जगेल.

आज आमच्या वहीत आठ महिन्यांच्या नोंदी आहेत. नोंद करणाऱ्या प्रत्येकीने पानाखाली आपली सही केली आहे. सायक्सच्या वहीत जाळं टाकणाऱ्याचं नाव नव्हतं, लंडनच्या घरात पाणी ओतणारीचं नव्हतं. आमच्या वहीत आहे. ज्यांना सही येत नव्हती त्या काकू आता सही शिकल्या आहेत. पहिली सही त्यांनी त्याच पानावर केली, जिथे लिहिलंय, "आज गप्पीने 22 पिल्लं दिली."

काय काकू, आहे ना माशाचा इतिहास?

चला मैत्रिणींनो, हौदाचं झाकण लावा, टिपाड घासा, कोरडा दिवस पाळा. तुमच्या गावच्या बारवेत, तळ्यात कोणते लहान मासे आहेत आणि त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून आम्हाला कळवा. ती नावं आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू, सांगणारीच्या नावासकट. नमस्कार.